दिवाणी वकिलांच्या ऑफिसात नवीन लागलात? आधी मुदती मोजायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.कॉम. झालंय, मराठी ३० आणि इंग्रजी ४० टायपिंगच्या परीक्षा झाल्या आहेत, पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळ एका दिवाणी वकिलांकडे नोकरी लागली. पडेल ते काम करते, पण नीट कोणी शिकवत नाही. सर म्हणतात, "बघून बघून शिकशील." मग नेमकं शिकायचं काय, आणि सगळं ई-फायलिंगवर गेल्यावर या कामाला पुढे काही आहे का?

दिवाणी दावे, अपिलं आणि चेक बाउन्सच्या केसेस चालवणाऱ्या ऑफिसांतच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगते. "बघून शिकशील" हे अर्धं खरं आहे. फाईल लावणं, बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) पाहणं, वकीलपत्रावर वेल्फेअर फंडाचं तिकीट लावणं, दस्तऐवज यादी टाइप करणं, नाझरकडे, म्हणजे कोर्टात पैसे आणि समन्स बजावणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, कुठल्या खिडकीवर जायचं, हे सगळं दोन-तीन महिन्यांत बघून येतं. मुदती मात्र बघून येत नाहीत. त्या कॅलेंडर समोर ठेवून, बोटांवर मोजून, कलम उघडून शिकाव्या लागतात. आणि या नोकरीत तुमची खरी किंमत तिथेच आहे.

तारीख आणि मुदत या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. तारीख कोर्ट देतं. ती चुकली तर त्रास होतो, खर्च बसतो, कधी दावा काढून टाकला जातो, पण तो पुन्हा चालू करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. मुदत कायदा देतो. ती गेली तर पक्षकाराचा हक्कच जायची वेळ येते. बहुतेक ऑफिसांत तारखांची डायरी असते आणि मुदतींची नसते. तुमच्या ऑफिसात नसेल तर वेगळी वही घाला आणि सरांना दाखवून घाला. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: मुदत कुठल्या कागदावरून सुरू झाली, त्या कागदावरची तारीख, शेवटचा दिवस, आणि शेवटच्या दिवसाच्या आठ दिवस आधीची आठवण. मोजणी तुम्ही करायची आणि वकिलांनी तपासून सही करायची. मुदतीची जबाबदारी वकिलांचीच असते, पण वही समोर धरणारं माणूस नसेल तर कामाच्या धबडग्यात ती तपासली जात नाही.

एक उदाहरण पूर्ण मोजून दाखवते, कारण चेक बाउन्सचं काम तुमच्याकडे येणारच. समजा चेक वटला नाही असं कळवणारा बँकेचा रिटर्न मेमो पक्षकाराला ५ मार्चला मिळाला. नोटीस ३० दिवसांत पाठवायची. ५ मार्च धरायचा नाही, ६ मार्च हा पहिला दिवस, म्हणजे ४ एप्रिल हा शेवटचा. नोटीस १ एप्रिलला पोस्टात टाकली आणि समोरच्याला ८ एप्रिलला मिळाली. त्याला पैसे द्यायला १५ दिवस: ९ ते २३ एप्रिल. पैसे आले नाहीत तर २४ एप्रिलला तक्रारीचं कारण उद्भवतं आणि तिथून एक महिन्याच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली स्पष्ट केलं की कारण उद्भवलेला दिवस या महिन्यात धरायचा नाही, म्हणून शेवटचा दिवस २४ मे. वहीत मात्र आठवण १६ मेची लिहा. आता यात माहिती कुठून येते ते बघा: मेमो कधी मिळाला हे पक्षकार तोंडी सांगतो आणि हमखास अंदाजाने सांगतो. मेमोवरची तारीख, बँकेचा एसएमएस किंवा ईमेल, पासबुकातली नोंद, यांतलं काहीतरी हातात घेतल्याशिवाय मोजायला बसू नका. नोटीस कधी मिळाली याचा पोस्टाच्या संकेतस्थळावरचा ट्रॅकिंगचा कागद त्याच आठवड्यात छापून फाईलला लावा. काही महिन्यांनी ती नोंद तिथे दिसत नाही आणि मग धावाधाव होते.

इथेच दुसरी गोष्ट. "एक महिना" आणि "३० दिवस" एक नाहीत, "तीन महिने" आणि "९० दिवस" एक नाहीत. लवादाचा निवाडा रद्द करून घेण्याच्या अर्जाला, म्हणजे लवाद कायद्याच्या कलम ३४ च्या अर्जाला, तीन महिने आहेत आणि त्यावर पुरेसं कारण दाखवलं तर फक्त ३० दिवस. त्यानंतर विलंब माफ करायचा अधिकार कोर्टालाच नाही. असल्या मुदती वहीत लाल शाईने लिहाव्यात. व्यापारी दाव्यातली कैफियतही, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, तशीच: समन्स बजावल्यापासून १२० दिवस झाले की दार बंद. साध्या दिवाणी दाव्यात ३० दिवस आणि वाढवून ९० आहेत. तिथे कोर्ट कारण पाहून, खर्च लावून उशिरा आलेली कैफियत घेऊ शकतं, पण "विना कैफियत" आदेश एकदा झाला की तो उठवायला वेगळा अर्ज, वेगळी तारीख आणि वेगळा ताप. म्हणून प्रतिवादीकडचं नवीन माणूस ऑफिसात आलं की पाणी दिल्यावरचा पहिला प्रश्न "समन्स कधी मिळालं?" हाच असू द्या. आणि पाकीट मागून घ्या. मुदत समन्स मिळाल्यापासून चालते. आपलं वकीलपत्र कधी दाखल झालं याच्याशी तिचा संबंध नाही.

अपिलाची मोजणी थोडी वेगळी, कारण तिथे निकालाच्या प्रमाणित नकलेला लागलेला वेळ वगळून मिळतो. जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. समजा १० जूनला हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाची डिक्री, झाला. तुम्ही २० जूनला नकलेचा अर्ज दिला आणि नक्कल १५ जुलैला तयार झाली. २० जून ते १५ जुलै हे २६ दिवस वगळायचे. मूळ शेवटचा दिवस १० जुलै, त्यात २६ मिळवले की ५ ऑगस्ट. प्रमाणित नकलेवर मागे शिक्का असतो: अर्ज कधी, पैसे कधी भरले, नक्कल तयार कधी, दिली कधी. मोजायची ती "तयार" तारीख. तुम्ही नक्कल विभागात जाऊन ती २२ जुलैला आणलीत तर मधले सात दिवस आपल्याच खात्यात पडतात. पैसे भरायला सांगितल्यावर भरले नाहीत तर तो उशीरही आपलाच. त्यामुळे निकाल लागला, तो आपल्या बाजूने लागो की विरुद्ध, त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यायचा. जिंकलेल्या पक्षकारालाही पुढे नक्कल लागतेच.

आता असं एक काम सांगते ज्यात मोजायला दिवस नसतातच, तास असतात. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज असतो. आपल्याकडे तो निशाणी ५ ला, म्हणजे फाईलमधल्या पाचव्या क्रमांकाला, असतो म्हणून सगळे त्याला "निशाणी पाच" म्हणतात. कधी कोर्ट समोरच्याला न ऐकता एकतर्फी मनाई देतं. ऑफिसात आनंद होतो, पक्षकार पेढे आणायला निघतो. त्या क्षणी तुमचं काम सुरू होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम ३ प्रमाणे अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती प्रत्येक प्रतिवादीला लगेच द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या आणि तसं केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात दाखल करायचं. (२०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. पाठवताना नोंदणीची सेवा घेतली आहे ना हे पावतीवर पाहून घ्या.) आदेश दुपारी चारला झाला आणि प्रतिवादी सात असले तर संध्याकाळी काय होतं याची कल्पना करा. म्हणून जिथे एकतर्फी मनाई मागणार आहोत तिथे दावा दाखल करायच्या दिवशीच प्रत्येक प्रतिवादीचा पूर्ण संच, पत्ता लिहिलेलं पाकीट आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार ठेवायचा. नुसत्या पावत्यांचे नंबर भरायचे राहिले पाहिजेत. शहरात उशिरापर्यंत कुठल्या पोस्टाची खिडकी चालू असते हे ऑफिसातल्या कुणाला तरी माहीत असलं पाहिजे. समोरचे वकील मनाई उठवायला आले की पहिला हल्ला याच मुद्द्यावर करतात.

कॅव्हेटचंही, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये म्हणून आधीच टाकून ठेवलेल्या अर्जाचंही, लक्षात ठेवा. ते ९० दिवसच चालतं. ९१ व्या दिवशी समोरचा एकतर्फी आदेश घेऊन गेला तर पक्षकार तुम्हालाच विचारणार की "आपण कॅव्हेट टाकलं होतं ना?" दाखल केल्या दिवशीच ८० व्या दिवसाची नोंद करून ठेवा.

सरकारविरुद्धच्या दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते आणि सहकारी संस्थेविरुद्ध संस्थेच्या व्यवहाराबाबत दावा असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १६४ ची, तीही दोन महिन्यांची. गृहनिर्माण सोसायट्यांची भांडणं पुण्यात रोजची आहेत. दाव्याच्या फाईलवर ही नोटीस आणि तिची पोच नसेल तर टायपिंग सुरू करण्यापूर्वी वकिलांना विचारा. विचारल्याबद्दल कुणी रागावत नाही.

फोनबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण फोन उचलणं हे शिपायाचं काम समजतात आणि तिथेच मोठी गोष्ट निसटते. जमिनीच्या दाव्यातले पक्षकार म्हातारे असतात. एके दिवशी मुलाचा फोन येतो, "आबा गेले, दहावं झालं की येतो." आपण हळहळतो, सांत्वन करतो, फोन ठेवतो. पण पक्षकार मरण पावला की त्याचे वारस दाव्यात आणण्याची ९० दिवसांची मुदत मृत्यूच्या तारखेपासून धावू लागते. ऑफिसला कधी कळलं यावर ती अवलंबून नाही. वारस आले नाहीत तर दावा त्या पक्षकारापुरता संपतो, मग तो जिवंत करायला आणखी ६० दिवस, आणि त्यानंतर विलंबमाफीचा अर्ज. ही बातमी वकिलांच्या आधी तुमच्या कानावर येते. म्हणून सांत्वन मनापासून करा आणि त्याच फोनवर हळूच मृत्यूची तारीख विचारून लिहून ठेवा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं, वयं, पत्ते दिवस झाल्यावर आणायला सांगा, लग्न झालेल्या मुलींसकट. त्यांची नावं सोडून देण्याची खोड गावोगाव आहे आणि ती पुढे दाव्याच्या मुळावर येते. समोरच्या बाजूचा कुणी गेल्याचं कळलं तरी तेच करायचं.

तसंच पक्षकार सहज बोलून जातो, "ते लोक जमीन विकायच्या बोलाचालीत आहेत म्हणे." ही गप्पा म्हणून सोडू नका, लगेच वकिलांच्या कानावर घाला. महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला मुंबई प्रांताची १९३९ ची दुरुस्ती लागू आहे. दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधील ठेवायची तर दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, जिला आपण लिस पेंडन्स म्हणतो. ती वेळेत नोंदवणं हे सगळं त्या एका वाक्यावर अवलंबून असतं.

टायपिंगचा वेग तुमच्याकडे आहे, तो पुरेसा आहे. दाव्यातला सर्वांत धोक्याचा परिच्छेद मिळकतीच्या वर्णनाचा. गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार (म्हणजे शेतसारा), चतुःसीमा. गट नंबर २१३ चा २३१ झाला आणि कुणाच्या लक्षात आला नाही तर तो दाव्यातून मनाईत, मनाईतून हुकूमनाम्यात जातो आणि अंमलबजावणीच्या वेळी बेलीफ शेतात उभा राहून सांगतो की हुकूमनाम्यातली जमीन ही नव्हेच. तेव्हा दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, समोरचा त्याला कडाडून विरोध करतो, आणि वर्षं जातात. हा परिच्छेद जुन्या मसुद्यातून कॉपी-पेस्ट करू नका. सातबारा समोर ठेवा, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून तपासायचं. नावंही तशीच: सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं, खरेदीखतावर तिसरं असतं. वकिलांना दाखवून "उर्फ" लावायचं का ते ठरवून घ्या, आपल्या मनाने एकसारखं करू नका. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुरा होतो आणि पीडीएफमध्ये शोधताही येत नाही.

उच्च न्यायालयाचं काम आलं तर एका ओळीची भीती कायम बाळगा. अपील शाखेत याचिका दाखल झाली की आधी स्टँप नंबर मिळतो. ऑब्जेक्शन्स निघाली, म्हणजे पान अस्पष्ट आहे, भाषांतर जोडलेलं नाही, सही राहिली आहे, ती दूर केल्यावरच खरा नंबर पडतो. ती वेळेत दूर झाली नाहीत तर आदेश होतो की अमुक आठवड्यांत ऑब्जेक्शन्स न काढल्यास याचिका पुन्हा कोर्टासमोर न ठेवता नामंजूर समजली जाईल. असा आदेश संकेतस्थळावर निमूट पडून असतो, कुणी फोन करून सांगत नाही. एका ऑफिसात अशी एक याचिका गेली आणि ते कळलं तेव्हा पक्षकाराच्या घरावर जेसीबी येऊन उभा होता. दर सोमवारी सगळे स्टँप नंबर एकेक करून तपासायचे, हा नियमच करून टाका.

जिल्हा न्यायालयात सीएनआर नंबर, म्हणजे केसचा सोळा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, प्रत्येक फाईलच्या मुखपृष्ठावर लिहा. ई-कोर्ट्सच्या अॅपवर तारीख कळते, पण ती अंतिम मानू नका. नोंद उशिरा चढते, कधी चुकीची चढते. रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद, वाचायला शिका. "से (अर्जावरचं लेखी म्हणणं) दाखल करणेसाठी तहकूब" आणि "से न दिल्यास अर्ज से शिवाय चालेल" या दोन्हींची पुढची तारीख एकच दिसते, पण दुसरीत आपल्या डोक्यावर काम आहे.

मूळ कागद हा जोखमीचा विषय. खरेदीखत, मृत्युपत्र, मूळ चेक घेताना पोच द्या, परत देताना सही घ्या, आणि ते कपाटात वेगळ्या कुलपात ठेवा, केसच्या फाईलमध्ये कधीही नाही. मोबाइलमधले फोटो, रेकॉर्डिंग, व्हॉट्सअॅप पुरावा म्हणून द्यायचे असतील तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याला दोन भाग आहेत, एक यंत्र वापरणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. म्हणून पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगा की फोन विकू नका, बदलू नका, मेसेज पुसू नका.

गुप्ततेचं बंधन वकिलांइतकंच तुमच्यावरही आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये वकिलांच्या लिपिकांचा आणि कर्मचाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. टेबलावर दुसऱ्याची फाईल उघडी ठेवून पक्षकाराशी बोलू नका. गावाकडचे लोक उलटं अक्षरही वाचतात. "निकाल आपल्या बाजूने लागेल ना, ताई?" याचं उत्तर देऊ नका, अगदी धीर द्यायचा म्हणूनही नाही. तुमचं ते वाक्य तो घरी जाऊन वकिलांचं म्हणून सांगतो.

आणि पैशाचं. खिडकीवर "काहीतरी द्या, लवकर होईल" असं कुणी सुचवेल. देऊ नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, आणि पकडलं जाणारं माणूस तुम्ही असता, ऑफिस नव्हे. नकलेचा अर्ज वेळेत दिला, पैसे त्याच दिवशी भरले, तारखा लिहून पाठपुरावा केला तर काम होतं. मी आयुष्यभर तसंच केलं. पक्षकाराकडून कोर्ट फी, प्रोसेस फी, नकला यांसाठी घेतलेल्या पैशांचा हिशेब फीपेक्षा वेगळा ठेवा. लोक अदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते. तो अर्ज करायची आठवण तुम्ही करून द्या, तुम्ही आठवण केलीत हे पक्षकार कधी विसरत नाही.

आता भविष्याचं. ई-फायलिंगने हेलपाटे कमी झाले, काम कमी झालं नाही. पूर्वी पान आडवं लागलं तर शिरस्तेदार हसून सरळ करून घेत, आता अनुक्रमणिकेतलं पान आणि पीडीएफमधलं पान जुळलं नाही की फाईल परत येते. पानं क्रमवार लावणं, बुकमार्क करणं, स्कॅन शोधता येईल असं करणं, हे नीट करणारी माणसं ऑफिसांना मिळत नाहीत. नव्या साधनांकडून मसुदे करून घेण्याची लाट आली आहे, त्यामुळे निवाड्यांचे दाखले तपासण्याचं काम वाढलं आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. मसुद्यातला प्रत्येक निवाडा मूळ उघडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. सुप्रीम कोर्टाचे निवाडे ई-एससीआर पोर्टलवर २०२३ पासून फुकट मिळतात.

तुमच्याकडे टायपिंगच्या दोन्ही परीक्षा आहेत, त्यामुळे जिल्हा न्यायालयांतल्या लिपिक भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. लघुलेखन शिकलात तर स्टेनोची वाट उघडते आणि खासगी ऑफिसातही मोल वाढतं. कायद्याची पदवी घ्यावी असं वाटलं तर जरूर घ्या, पण या कामासाठी ती अट नाही. या महिन्यापुरतं एवढंच करा: मुदत अधिनियम, १९६३ चं पुस्तक ऑफिसात असेलच, त्यातली कलम ४, ५ आणि १२ दोनदा वाचा, मागच्या परिशिष्टातले ११६, १२० आणि १२१ हे अनुच्छेद वहीत उतरवून घ्या, आणि ऑफिसातल्या बंद झालेल्या पाच फाईली काढून त्यांतल्या मुदती स्वतः मोजा. तुमचं उत्तर आणि प्रत्यक्ष दाखल केल्याची तारीख शेजारी लिहा आणि जिथे जुळणार नाही तिथे सरांना विचारा. असा नेमका प्रश्न घेऊन गेलात की तेही थांबून शिकवतील.